ड्रॉइंगवरून मोजू नये

४ जानेवारी

प्रिय आत्या,

फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनानं जोडतेस, म्हणून कागदावर लिहितोय. काम मोजमापाचं आहे, त्यात मनानं जोडलेलं चालत नाही.

दोन महिन्यांपूर्वी माझ्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानात एक निवृत्त सर्व्हेअर आले. काठीसुद्धा ओळंब्यात धरून चालणारा माणूस. त्यांच्याकडे तुमच्या कारखान्याची जुनी शिकारीची रायफल आहे. शिकार त्यांनी कधीच सोडली, आता रविवारी नेमबाजीच्या मैदानावर जाऊन कागदाला भोकं पाडतात. परवाना वगैरे सगळं चोख. बिघाड एवढाच की गोळी झाडल्यावर रिकामं काडतूस बाहेर येत नाही. मागचा सरकता दांडा, म्हणजे बोल्ट, उघडला तर काडतूस मागे ओढणारी ती छोटी पट्टी, तुम्ही कारखान्यात जिला 'नखी' म्हणायचात ती, मधोमध मोडलेली.

तुमचा कारखाना बंद होऊन बारा वर्षं झाली. सुटे भाग कुठून आणायचे? अकरा दुकानांना पत्रं टाकली. सहांनी उत्तर दिलं नाही, चौघांनी 'रायफलच विकून टाका' असा सल्ला दिला आणि एकानं नखी म्हणून शिलाई मशीनचा काहीतरी तुकडा पाठवला. तोही गंजलेला.

पण पत्राचं खरं कारण वेगळं आहे. मोडलेली नखी भिंगाखाली धरली तर पाठीवर पोलादी पंचाच्या टोकानं ठोकलेले दोन ठिपके दिसले, शेजारी शेजारी. आत्या, हे दोन ठिपके माझ्या घरातल्या प्रत्येक पकडीवर आणि हातोडीवर आहेत. ती बाबांची खूण आहे.

म्हणजे ही त्याच लॉटमधली रायफल. मी आठ वर्षांचा असताना बाबांची तिथली फिटरची नोकरी गेली ती याच नख्यांपायी. परवानगी नसताना चांगला माल कानशीनं घासून बाद केला, असा ठपका होता. मग जन्मभर सायकलींची पंक्चरं. लोक त्यांना 'कानस' म्हणायचे आणि मला 'कानसचा पोरगा'. पुढे मी बंदुकांच्याच धंद्यात शिरलो, तर उस्तादांनी पहिल्या दिवशी सगळ्या कानशी कपाटात घालून कुलूप लावलं. सगळे हसले. मीही हसलो.

बाबा जाऊन सहा वर्षं झाली. मी त्यांना त्याबद्दल एकदाही विचारलं नाही. लाज वाटायची, खरं सांगतो. त्या लॉटची रायफल पहिल्यांदाच माझ्या हातात आली आहे, आणि तू एकतीस वर्षं त्याच कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात काढलीस. तेव्हा दोनच गोष्टी विचारतो. अशी नखी कुठे मिळेल? आणि बाबा खरंच इतके बेफिकीर होते का?

तुझा,
भोचक्या

१५ जानेवारी

प्रिय भोचक्या,

हे नाव मीच तुला ठेवलं होतं, ते तू सहीत वापरतोस याचा आनंद आहे. अक्षर मात्र अजून कोंबडीनं पाय आपटल्यासारखंच आहे. शाळेत तुझ्या विज्ञानाच्या आकृत्या मी काढून द्यायचे, त्याखालची नावं तू लिहायचास आणि मार्क जायचे.

माझं बरं चाललंय. गुडघा कुरकुरतो. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी गच्चीवर कुंड्या मांडल्यात आणि पाणी घालायचं काम माझ्या गळ्यात टाकलंय.

बटणांच्या डब्यात शोधलं तर एक नखी सापडली. कारखाना बंद झाला तेव्हा स्टोअरवाल्यानं आठवण म्हणून प्रत्येकाला काहीबाही वाटलं होतं. कोणाला घड्याळ, कोणाला खुर्ची. मला नखी. कापसात गुंडाळून पाठवत आहे. ही बसेल. नाही बसली तर सर्व्हेअरांना दुसरा छंद शोधायला सांग.

दादाबद्दल विचारलंस. दादा बेफिकीर नव्हता. शर्टाचं बटण लावतानासुद्धा तो आधी भोक बघायचा. पण नोकऱ्या लागतात आणि जातात. चाळीस वर्षं होऊन गेली, त्यात आता काय उकरायचं? दुकान सांभाळ. दुपारचं जेवण वेळेवर करत जा.

आत्या

२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

नखी मिळाली, आणि बसली नाही.

तुझी नखी रुंदीला बरोबर सहा मिलिमीटर. बोल्टमधली, नखी बसते ती खाच मोजली तर पाच दशांश सात. तीन दशांशाचा फरक म्हणजे आपल्या डोळ्याला काहीच नाही, पण पोलादाला तेवढा पुरतो. मग बाबांची मोडलेली नखी मोजली. पाच दशांश सातला जेमतेम कमी, खाचेत अलगद सरकेल एवढीच. दोन्ही बाजूंनी सारखी घासलेली, इकडून दीड दशांश, तिकडून दीड दशांश. कानशीच्या रेघा सगळ्या एका दिशेला. हे काम बेफिकीर माणसाचं नाही. मला विचारशील तर इतकं सरळ मलाही जमणार नाही.

आता माझं डोकं तिथेच अडकलंय. बायको म्हणते, जेवताना तरी तो मापाचा व्हर्निअर खाली ठेवा. ('वेळेवर जेव' हे तू लिहिलेलं तिनं वाचलं आणि पत्र फ्रीजवर चिकटवलं.)

नेमबाजीच्या मैदानावर एक दंतवैद्य येतात, त्यांच्याकडेही हीच रायफल आहे, नंबर फक्त बावीसनं पुढे. विनवण्या करून त्यांचा बोल्ट दहा मिनिटं मागून घेतला. खाच पाच दशांश सात, नखीवर दोन ठिपके. तिसरी एका बागायतदाराची, तिचा नंबर बराच पुढचा. तिथे खाच सहा, नखी सहा, ठिपके नाहीत.

म्हणजे बाबांनी चांगला माल बाद केला नाही. त्या लॉटच्या खाचाच मुळात अरुंद होत्या आणि बाबांनी नख्या त्यांच्याजोगत्या करून दिल्या. आत्या, इथे नक्की काहीतरी पाणी मुरतंय. ती खाच कोणत्या ड्रॉइंगवरून कापली? ते ड्रॉइंग कुठे असेल?

तुझा,
भोचक्या

२० फेब्रुवारी

चि. भोचक्या,

ड्रॉइंगं सगळी रद्दीत गेली. कोणाला काही आठवत नाही. माझे डोळेही आता गेल्यातच जमा आहेत, लिहिणं त्रासाचं होतं.

सर्व्हेअरांची नखी तू दादासारखीच घासून दे आणि मोकळा हो. प्रत्येक गोष्टीच्या मुळाशी जायलाच पाहिजे असं नाही.

आत्या

१४ मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून काळजी वाटली. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलंस का? मी येऊन घेऊन जाऊ?

मुळाशी जाऊ नको म्हणालीस, पण मी बराच आत गेलोय. तुमच्या मशीन शॉपचे जुने फोरमन सापडले. मुलाच्या बेकरीत गल्ल्यावर बसतात. वय सत्त्याऐंशी, पण डोकं लखलखीत. त्यांना तो लॉट लख्ख आठवला. तीनशे बोल्ट. म्हणाले, "मशीननं चूक केली नाही रे. ड्रॉइंगमध्ये जे होतं तेच आम्ही कापलं. त्याच वर्षी ते शीट नवीन ट्रेस करून आलं होतं, खाली मोठ्या साहेबांची सही. सही असली की आम्ही विचारत नव्हतो."

मोठे साहेब म्हणजे तुमचे हेड ड्राफ्ट्समन. चूक त्यांच्या सहीखाली झाली, निस्तरली माझ्या बापानं, आणि घरी बसवलं तेही त्यालाच. साहेब मात्र मानानं निवृत्त झाले. हे वाचून तुला राग येत नाही? मला इतका आला की बेकरीत घेतलेला पाव तिथेच विसरून आलो.

तुमच्या माजी कामगार संघटनेची स्मरणिका एप्रिलअखेर छापायला जाते. मी त्यात लेख देतोय. तिन्ही रायफलींची मापं, फोटो, फोरमनचं म्हणणं आणि साहेबांचं नाव. मजकूर जवळजवळ झालाय. बाबांना 'कानस' म्हणणारे अजून पन्नासएक जण जिवंत आहेत, त्यांनी वाचावं एवढीच इच्छा आहे. पाठवण्याआधी तुला दाखवतो, कारण साहेबांच्या हाताखाली तू होतीस. काही चुकत असेल तर सांग.

तुझा,
भोचक्या

१९ मार्च

बाळा,

चुकतंय. लेख पाठवू नकोस.

मोठे साहेब ब्याण्णव वर्षांचे आहेत. लेकीकडे राहतात. मला ते कधी ओळखतात, कधी ओळखत नाहीत. दर बुधवारी मी जाऊन त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवते, बारीक टाइपातलं. म्हणजे माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. मी खोटं लिहिलं. पहिल्या पत्रातही खोटंच लिहिलं. ती नखी बसणार नाही हे मला ठाऊक होतं. वाटलं, तू कंटाळून दुसरीकडे वळशील. लहानपणी तू घड्याळ उघडलंस की जोडेपर्यंत जेवायला उठायचा नाहीस, हे मी विसरले.

ते शीट मी ट्रेस केलं होतं.

आमच्याकडे जुनी ड्रॉइंगं कापडावर असायची, खळ लावलेल्या गुळगुळीत कापडावर, शाईनं काढलेली. फाटायला आली की नवीन कापडावर उतरवायची. बोल्टचं शीट माझ्या टेबलावर होतं आणि माझ्या हातून पाण्याचा तांब्या त्यावर लवंडला. टिपून घेतलं, वजनं ठेवून वाळवलं. बाकीची मापं वाचता येत होती, फक्त खाचेच्या रुंदीवरची शाई फुटून डाग झाला होता.

ड्रॉइंग ऑफिसात पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवतात. ड्रॉइंगवरून कधी मोजायचं नाही. माप लिहिलेलं असेल ते धरायचं, नसेल तर विचारायचं. मला साहेबांना विचारता आलं असतं. चार पावलांवर बसायचे. पण मग तांब्या सांगावा लागला असता आणि मी नोकरीत कायम झाले नव्हते. मी मोजपट्टी लावली. चित्र पाचपट मोठं होतं. साडेअठ्ठावीस भरलं, पाचानं भागलं, पाच दशांश सात लिहून मोकळी झाले. ओलं होऊन वाळलेलं कापड आटतं, हे मला माहीत होतं. माझ्याच साड्या मी वाळत घालत होते. तरी त्या क्षणी सुचलं नाही. साहेबांनी माझ्यावर विश्वास टाकून सही केली.

ते बोल्ट फिटिंगला आले त्या पहिल्याच दिवशी दादाला कळलं. जेवणाच्या सुट्टीत तो बोल्ट रुमालात गुंडाळून माझ्याकडे आला आणि विचारलं, "मोजलंस का गं वरून?" मी मान हलवली. तो म्हणाला, "आधी जेव." पुढचे पंधरा दिवस त्यानं बसून तीनशे नख्या हातानं घासल्या. मी ट्रेसिंगवरचा आकडा ब्लेडनं खरवडून सहा केला. पुढचे लॉट बरोबर निघाले. वाटलं, संपलं.

वर्षभरानं नख्या मोडायला लागल्या. पातळ झालेल्या, मोडणारच. चौकशीत त्यांनी मोडलेली नखी पाहिली, कानशीच्या रेघा पाहिल्या आणि दादा म्हणाला, "मीच घासल्या. मला घट्ट वाटल्या." खाच मोजायची गरज कोणालाच वाटली नाही.

तू विचारशील की मी गप्प का बसले. त्याच्या आदल्या वर्षी मी नवऱ्याचं घर सोडून दादाकडे आले होते. का सोडलं ते तुला मोठेपणी कोणी सांगितलं असेल, माझ्या डाव्या हाताच्या करंगळीचं हाड अजून वाकडं आहे. नोकरी गेली असती तर मला परत पाठवा म्हणणारे घरात चार जण होते. दादा मला म्हणाला, "मला कुठेही काम मिळेल. तू त्या टेबलावरून उठायचं नाहीस." मी उठले नाही. तीस वर्षं उठले नाही. तुझ्या वडिलांच्या हातावरचं सायकलीचं काळं ग्रीस बघत जेवले आणि गप्प बसले. आधी भीतीनं, मग लाजेनं, आणि शेवटी सवयीनं.

ते जुनं कापड मी फेकायला हवं होतं. फेकलं नाही. सोबत पाठवत आहे. तुझ्या लेखात साहेबांच्या नावाच्या जागी माझं घाल.

तू बोलला नाहीस तरी मी समजेन.

आत्या

१६ एप्रिल

आत्या,

जवळजवळ महिना लागला. बारा दिवस मी तुझ्यावर चिडलेला होतो, ते लपवत नाही. दुकानात कोणाशी धड बोललो नाही. बाबा गेले तेव्हा तू माझ्या शेजारी बसली होतीस, तेव्हाही बोलली नाहीस, हे सारखं डोक्यात यायचं. ते अजून पूर्ण गेलेलं नाही. कधी जाईल माहीत नाही.

तेराव्या दिवशी कापड उलगडलं. राग होता तरी हात मोजपट्टीकडे गेला, स्वभाव काय जातो. कापडावर एके ठिकाणी 'आठ' असं स्वच्छ लिहिलंय. पाचपट म्हणजे चाळीस भरायला हवं. भरलं अडतीस. दुसरीकडे वीस लिहिलंय, तिथे शंभराऐवजी पंच्याण्णव. सगळीकडे सारखंच आटलंय. तू खरं सांगितलंस हे मापांनीही सांगितलं. डागही पाहिला. त्यावर कोणीतरी बोट ठेवून टिपल्याची खूण आहे, लहान बोटाची. तू तेव्हा फक्त चोवीस वर्षांची होतीस, हे मी पहिल्यांदा मोजलं.

मग बाबांचं आठवलं. माझ्या हातात त्यांनी कधी कानस दिली नाही, मला वाटायचं लाजेपायी. आता वाटतं, मी विचारलं असतं तर त्यांना खोटं बोलावं लागलं असतं आणि ते त्यांना जमत नव्हतं. त्यांनी मला लाजेत वाढू दिलं, पण तुला परत पाठवलं नाही. मी त्यांच्या जागी असतो तर काय केलं असतं, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. त्यांचा अभिमान मात्र वाटला. दुकानात एकटाच होतो, चांगला रडलो.

आता कामाचं. सर्व्हेअरांना मी दोन रस्ते सांगितले. खाच सहाची करून घ्या, म्हणजे तुझी नखी बसेल. नाहीतर पाच दशांश सातची नवी नखी करतो, चिवट पोलादाची, मोडणार नाही अशी. खाच रुंद केली की चूकही गेली आणि बाबांचं कामही गेलं. मी त्यांना सगळी हकीकत सांगितली, तुझं नाव न घेता. ते मोडलेली नखी तळहातावर घेऊन म्हणाले, "चाळीस वर्षं जी खाच चालली ती का बदलायची? नखी करा." मी केली. बसली. काडतूस टुणकन बाहेर पडलं.

दंतवैद्यांनाही एक हवी आहे. तीनशेपैकी आणखी कोण कोण कुठे बसलेत कोण जाणे, सगळे सहाची नखी शोधून हैराण होत असतील. त्या लॉटसाठी वेगळं ड्रॉइंग पाहिजे. ते कारखान्यानं कधी काढलंच नाही. तू काढ. स्मरणिकेत माझ्या लेखाऐवजी तेच छापू आणि खाली दोन ओळींत का काढावं लागलं ते तूच लिही. मी तुझं नाव घालणार नाही. घालायचं तर तू घाल.

साहेबांना बुधवारी माझा नमस्कार सांग.

भोचक्या

२५ एप्रिल

प्रिय भोचक्या,

ड्रॉइंग सोबत आहे. तीन वेळा काढलं. रेघ अजून सरळ येते. संघटनेला एक प्रत आजच दिली. सचिवांनी वाचलं, चष्मा काढला, परत वाचलं आणि विचारलं, "हे असंच छापायचं?" मी हो म्हटलं. घरी येऊन आधी जेवले.

बुधवारी साहेबांनाही वाचून दाखवलं, सगळं, तांब्यापासून. त्यांना किती कळलं सांगता येत नाही. त्यांनी कागद हातात घेतला. मग कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, "सूचना राहिली." बरोबर होतं. घाईत राहून गेली होती. तिथेच बसून घातली.

उजवीकडे खाली चौकट आहे ती नीट बघ.

नखी. फक्त अरुंद खाचेच्या तीनशे रायफलींसाठी.
रुंदी : पाच दशांश सात.
मूळ चूक : ट्रेसर, म्हणजे मी. पूर्ण नाव आणि सही.
जुळवणी : माझा भाऊ, फिटर. त्याच्या नावापुढे दोन ठिपके.
सूचना : ड्रॉइंगवरून मोजू नये. माप दिसत नसल्यास विचारावे.

आत्या